पित्ताची कॅप्सूल, लिथियम आणि पर्समधली तिसरीच स्ट्रिप

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका ३६ वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आलंय. ५ वर्षांपूर्वी बायपोलरचं (मूड टोकाला चढण्या-उतरण्याच्या आजाराचं) निदान झालं, तेव्हापासून लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध (मूड स्टॅबिलायझर) चालू आहे आणि तब्येत चांगली राहिलीये. नवऱ्याला सगळं माहीत आहे, सासू-सासऱ्यांना काहीच नाही, म्हणून गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवतात. गेले ३ महिने पित्ताने हैराण आहेत, छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. फॅमिली डॉक्टर सासऱ्यांचे जुने मित्र, त्यांनी रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल दिली, पण त्यांना लिथियमचं सांगितलेलं नाही. वर रोज रात्री इनो घेतात, सासूबाईंनी मीठ-तिखट बंद करून अळणी जेवण सुरू केलंय, आणि "डोकं फारच चढलं तर पेनकिलर घेते, पर्समध्ये असतेच". महिनाभरापासून हात थरथरतोय, फळ्यावर लिहिताना मुलांच्या लक्षात येईल अशी भीती वाटते. मूड स्टॅबिलायझर आणि पित्ताच्या गोळ्या एकत्र चालत नाहीत असं नेटवर वाचलं, तर मग लिथियमच बंद करून बघू का, असं विचारताहेत. सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट दीड महिन्याने आहे. आणि चैत्रात सासरच्यांबरोबर सप्तशृंगी गडावर पायी जायचं ठरलंय, ते जमेल का?

ताई,

आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. लिथियम स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि दीड महिना थांबूही नका. सायकियाट्रिस्टच्या क्लिनिकला आजच फोन करा आणि रिसेप्शनला एवढंच सांगा की मी लिथियमवर आहे आणि महिनाभर हात थरथरतोय. अपॉइंटमेंट नाही म्हणाले तर हेच वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचवा म्हणावं. लिथियम देणारा कुठलाही डॉक्टर हे ऐकून तुम्हाला दीड महिना ताटकळत ठेवणार नाही.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली काढायची हा निर्णय मी देणार नाही. पण इतकी वर्षं काउंटरच्या आतून जे बघत आलेय त्यावरून तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायचंय. तुम्ही असं धरून चाललाय की दोन गोळ्यांचं पटत नाहीये म्हणजे एकीला जावं लागणार, आणि जायचंच तर ती मनाची गोळी. हे असंच का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. ज्या गोळीने ५ वर्षं तुमची झोप, नोकरी, घर सांभाळलं तिला आधी आरोपी केलं आणि ३ महिन्यांपूर्वी आलेल्या कॅप्सूलला सूट दिली. याचं कारण मला वाटतं की पित्ताचं औषध हे आपल्याकडे कुणी औषध म्हणून मोजतच नाही. काउंटरवर माणूस बीपीची, शुगरची चिठ्ठी दाखवतो आणि वर म्हणतो, "आणि ती गॅसची द्या एक पट्टी, ती डीवाली". आणखी काय काय चालू आहे विचारलं की सगळं सांगतात, फक्त ही पट्टी सांगत नाहीत.

आता तुम्ही नेटवर वाचलेलं. अर्धं खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत जे अर्धं खरं आहे ते वेगळंच आहे. रॅबेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचं लिथियमशी थेट असं मोठं भांडण नाही. लिथियम लिव्हरमध्ये मोडतच नाही, ते जसंच्या तसं किडनीतून बाहेर जातं, त्यामुळे पोटातलं आम्ल कमी केल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. फक्त या गोळ्या महिनोन्महिने चालल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम, बी१२, कधी सोडियम कमी होऊ शकतं, क्वचित किडनीला सूज येऊ शकते, आणि लिथियमवाल्या माणसाला किडनी जपायचीच असते, म्हणून "चालू आहे तर चालू दे" असं करायचं नाही. किती आठवडे घ्यायची ते विचारून घ्यायचं, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी उपाशीपोटी घ्यायची (जेवणानंतर घेणारे खूप भेटतात आणि मग म्हणतात गुण येत नाही).

माझा डोळा अडकला तो कॅप्सूलच्या दुसऱ्या नावावर, लेव्होसल्पिराइड. हे आम्लाचं औषध नाहीच. ते डोपामिन या शरीरातल्या रसायनाचं काम अडवतं, पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून देतात, पण ते ज्या कुळातलं आहे त्या कुळातली औषधं मानसिक आजारांतही वापरतात. त्याने काही लोकांना हात थरथरणं, अंग आखडणं, चालणं संथ होणं, एका जागी बसवत नाही अशी तगमग होणं असा त्रास होतो, बायकांची पाळी पुढे जाते, स्तनातून दूध येतं. लिथियम सोबत असलं की थरथरण्याचा, आखडण्याचा हा त्रास वाढू शकतो. मला हे कॉम्बिनेशन साध्या जळजळीसाठी इतक्या सहज दिलेलं पटत नाही, आणि हे मी स्पष्ट लिहितेय कारण महाराष्ट्रात घरोघरी ही पट्टी आहे आणि तिच्यात दोन औषधं आहेत हे घेणाऱ्याला माहीतच नसतं. पण तुमच्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. तुम्ही लिथियमवर आहात हे कळलं असतं तर कदाचित त्यांनी वेगळं लिहिलं असतं, त्यांना कळलंच नाही. पट्टी उलटी करून नाव वाचा, पाळीत काही फरक पडलाय का तेही आठवा, आणि फोनवर हे नाव जरूर सांगा.

आता इनो. त्यात सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा असतो. एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर एक पुडी घेतली तर काही होत नाही. पण रोज घेतलं तर सोडियम वाढतं, लघवीतून लिथियम जास्त बाहेर पडतं आणि रक्तातली पातळी खाली येऊ शकते, म्हणजे गोळी वेळेवर घेऊनसुद्धा आजार डोकं वर काढू शकतो. आणि याच्या बरोबर उलटं काम करतंय ते अळणी जेवण. किडनी लिथियमला जवळपास सोडियमसारखंच वागवते, अंगात मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, मग पातळी चढते. सासूबाई प्रेमाने करताहेत हे दिसतंय, पण लिथियमवर असलेल्या माणसाने मीठ अचानक बंदही करायचं नाही आणि अचानक वाढवायचंही नाही, रोज साधारण तेवढंच. तिखट कमी करा, रविवारची मिसळ थोडे दिवस राहू द्या, तर्री तर नकोच, पण भाजीत मीठ असू द्या. चहा-कॉफीचंही तेच, पित्तासाठी ५-६ कप चहावरून एकदम शून्यावर आलात तर त्यानेही लिथियम चढू शकतं, म्हणून हळूहळू कमी करा.

आता खरी गोष्ट. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीची, "पेनकिलर घेते, पर्समध्ये असतेच". कुठली पेनकिलर ते लिहिलं नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक यातलं काही असेल, किंवा पॅरासिटामॉलबरोबर यातलं काहीतरी मिसळलेली गोळी असेल (आपल्याकडच्या कितीतरी फेमस गोळ्या अशाच मिसळीच्या), तर ती किडनीतून लिथियम बाहेर जाणं कमी करते आणि रक्तातली पातळी चढवते. हे लिथियमचं माहीत असलेलं, पक्कं आणि धोक्याचं भांडण आहे. शिवाय याच गोळ्या जठराचं अस्तर दुखावतात, म्हणजे पित्त त्यांनीही झालेलं असू शकतं! क्रम लावून बघा: डोकं दुखलं, पेनकिलर घेतली, पोट बिघडलं, त्यावर कॅप्सूल आणि इनो आलं, मग हात थरथरायला लागला, आणि शेवटी दोष लिथियमवर. असंच झालंय असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण ही शक्यता तुमच्या पत्रात एवढी उघड दिसतेय की डॉक्टरांना पर्समधली पट्टी दाखवल्याशिवाय कुठलाच निर्णय होऊ नये. तोवर डोकेदुखीला नुसतं पॅरासिटामॉल, तेही पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत. आणि डोकं इतकं सारखं का दुखतंय हा प्रश्न वेगळा आहे, तोही विचारा.

म्हणजे तुमच्या घरात सध्या एक गोष्ट लिथियम खाली ओढतेय, दोन गोष्टी वर ढकलताहेत, आणि चौथी त्याला हात न लावताच थरथर देऊ शकते. बाहेरून बघून कुणालाच सांगता येणार नाही की तुमची पातळी आज कुठे आहे. नुसतं लिथियम चालू असलं तरी हाताला बारीक कंप अनेकांना असतो, पण तो सहसा सुरुवातीपासून असतो. तुमचा ४ वर्षं ११ महिने नव्हता आणि आता आला, म्हणून शोधायला हवं. त्यासाठी रक्त तपासा, सीरम लिथियम, आणि त्याबरोबर क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), डॉक्टर म्हणाले तर कॅल्शियम. एक गोष्ट लॅबवाले नेहमी सांगतातच असं नाही: रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला घेत असाल तर सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन लगेच रक्त दिलंत तर आकडा उगाच मोठा येतो आणि सगळे घाबरतात. कायम चालणाऱ्या उपचारात ही पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, कधी त्याखालीही दिसतात. अर्थ डॉक्टरच लावतील, तुम्ही फक्त वेळ पाळा.

पण काही लक्षणं आली तर रिपोर्टची वाट बघायची नाही. थरथर मोठी होऊन कप हातात धरता येईना, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब थांबेनात, झोपाळल्यासारखं किंवा गोंधळल्यासारखं वाटू लागलं, तर पुढची गोळी न घेता तडक कॅज्युअल्टीत जा, सिव्हिल असो की प्रायव्हेट, जे जवळ असेल ते, आणि पहिलं वाक्य "मी लिथियम घेते" हे. आपल्याकडे मळमळ, उलटी, डोकं जड, सगळ्याला "पित्त झालंय" म्हणून लिंबू-सोडा देऊन झोपवायची सवय आहे. लिथियमवर असलेल्या माणसाच्या नव्या उलट्यांना पित्त म्हणून सोडून द्यायचं नाही, एवढं तुमच्या नवऱ्याला नीट समजावून ठेवा.

आणि लिथियम अचानक सोडलं तर काय होतं तेही लिहिते, कारण तो मोह परत होईल. आजार उलटण्याची शक्यता खूप वाढते, कधी तो जोरात उलटतो, आणि जीव नकोसा वाटण्याचा धोकाही वाढतो. कधी थांबवायचं ठरलंच तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान ४ आठवडे आणि शक्यतो ३ महिने लावून, हळूहळू करतात. लिथियमने स्वतः पोट बिघडतं का? हो, बिघडतं काही जणांचं, मळमळ होते. त्यावर जेवणानंतर घेणं, डोस विभागून घेणं, गोळीचा प्रकार बदलणं असे उपाय आहेत आणि ते तुमचे सायकियाट्रिस्ट ५ मिनिटांत सुचवू शकतात, त्यासाठी औषध सोडावं लागत नाही.

आता ती बाटली. ताई, कॅल्शियमची बाटली आजच रिकामी करा, उद्यावर टाकू नका. तुम्ही का ठेवलंत ते मला समजतं, तुमच्यावर रागावत नाहीये. पण घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखले आणि त्यांनी "सूनबाईचं कॅल्शियम" म्हणून त्यातली एक गोळी रोज घ्यायला सुरुवात केली तर? त्यांना बीपीची गोळी चालू असेल, आणि बीपीच्या कितीतरी गोळ्या (टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) लिथियम चढवतात. वयस्कर माणसाला ते झेपत नाही. कुलूप लावायचा डबा घ्या, शाळेच्या बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवा, नवऱ्याच्या कपाटात ठेवा, पण गोळ्या त्यांच्या मूळ पट्टीत, नावासकट राहू द्या. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर घरच्यांच्या हातात डॉक्टरला दाखवायला ती पट्टीच असणार आहे.

सासऱ्यांच्या मित्राला सांगायचं का, हा खरा पेच आहे आणि त्यावर मी "सांगून टाका" असं सोपं उत्तर देणार नाही. गावगप्पांची भीती खोटी नसते. कायदा तुमच्या बाजूने आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय आणि उपचार करणाऱ्याने ती पाळायची असते. पण रविवारी गप्पांच्या ओघात एक वाक्य निसटलं तर कायदा ते परत घेऊ शकत नाही, हेही मला कळतं. तर पहिला मार्ग, त्यांना एकटीने भेटून सांगा आणि "हे घरी कळू नये" हे त्याच वाक्यात सांगा. बरेच जुने डॉक्टर हे पाळतात. दुसरा, पित्ताचा इलाज त्यांच्याकडे बंदच करा. सायकियाट्रिस्ट आधी एमबीबीएस डॉक्टरच असतात, साधं पित्त तेही बघू शकतात, किंवा आपल्या ओळखीच्या फिजिशियनला चिठ्ठी देऊ शकतात. नाशिकसारख्या शहरात घरच्यांच्या ओळखीबाहेरचा डॉक्टर मिळणं अवघड नाही, सिडकोत जा, नाशिकरोडला जा. तिसरा मार्ग, आजाराचं नाव न घेता फक्त औषधाचं नाव सांगणं, डॉक्टर समजायचं ते समजतील. मला विचाराल तर तुमच्या परिस्थितीत मी दुसरा निवडेन. जो मार्ग मी अजिबात निवडणार नाही तो म्हणजे आत्ताचा, दोन डॉक्टर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, आणि मध्ये सासूबाईंचं पथ्य.

एक कागद करा. त्यावर सगळं लिहा, लिथियमचा डोस, कॅप्सूलचं नाव, इनो रोज किती, पेनकिलर आठवड्यातून किती, आणि काढा-चूर्ण काही असेल तर तेही. अविपत्तिकर चूर्ण घेणाऱ्या वाचकांनी लक्षात घ्या, त्यात निशोत्तर असतं, त्याने जुलाब होतात, आणि जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की लिथियम चढतं. "आयुर्वेदिक आहे, ते कशाला सांगायचं" असं करू नका.

लिथियमऐवजी दुसरं मूड स्टॅबिलायझर घेणाऱ्यांसाठीही लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. व्हॅल्प्रोएट घेत असाल तर पित्ताच्या जेलने फार फरक पडत नाही, पण ती गोळी स्वतःच पोटाला लागते, जेवणासोबत घ्या आणि कोटिंगवाली गोळी चावू-तोडू नका. लॅमोट्रिजिनचं पित्ताच्या नेहमीच्या गोळ्यांशी सहसा बिनसत नाही. कार्बामाझेपिनवाल्यांनी मात्र नवी पित्ताची गोळी सुरू करताना विचारलंच पाहिजे, ओमेप्रॅझोलने त्याची पातळी वाढू शकते. सोबत एस्सिटालोप्रॅम असेल तर ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा पॅन्टोप्रॅझोल निवडतात. आणि ती "डीवाली" पट्टी, म्हणजे डोम्पेरिडॉन असलेली: क्वेटियापिनसारखं औषध चालू असताना तिने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो, युरोपात २०१४ मध्येच तिच्यावर मर्यादा आली, कमी डोस आणि सहसा आठवड्याच्या आत बंद. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं नाश्त्याआधी घेतली जाते. हे वाचून तुमचीही पट्टी उलटी करून बघा, पण कुठलीही गोळी बंद करायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

रात्री फार घालमेल झाली आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस आहे, १४४१६, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

राहिलं गडावर पायी जाणं. आत्ता "हो" म्हणू नका, "नाही" पण म्हणू नका, रिपोर्ट येऊ द्या. चैत्रातल्या उन्हात नाशिकपासून साठेक किलोमीटर चालणं म्हणजे घाम, घामाबरोबर मीठ-पाणी जाणार, वर उपवास असेल तर अजूनच, आणि हे सगळं लिथियम चढवणारं आहे. पातळी ठीक आली, थरथर गेली आणि डॉक्टर हो म्हणाले तरी निर्जळी उपवास करायचा नाही, पाय दुखले म्हणून कुणी दिलेली गोळी घ्यायची नाही. घरच्यांना कारण द्यायला "पित्त उसळतं, डॉक्टरांनी उपाशी राहू नको सांगितलंय" एवढं पुरतं, ते खोटंही नाही. नाहीतर मधला मार्ग आहेच, गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत एसटीने जा, पहाटे ऊन चढायच्या आत तिथून पुढे सगळ्यांबरोबर चाला, दमलात तर गडावरून मंदिरापर्यंत ट्रॉली आहे. पाण्याची बाटली आणि ओआरएसच्या पुड्या बरोबर घ्या, वाटेत उलट्या-जुलाब झाले तर त्या वेळची लिथियमची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा, आणि त्या कागदाचा एक फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये निघायच्या आधीच टाकून ठेवा.